अंधार पडला की कॅमेरे बंद, उजाडले की सुरू: कारण कसे शोधायचे

पुण्यातल्या सोसायट्या, दुकाने आणि छोट्या कारखान्यांमधून सीसीटीव्हीची एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. दिवसभर सगळे कॅमेरे नीट दिसतात, अंधार पडला की त्यांतले दोन-तीन जातात आणि सकाळी कोणी हात न लावता परत येतात. टेक्निशियन दिवसा येतो, त्याच्यासमोर सगळे चालू असते. तो केबल काढून पुन्हा घालतो, फार तर कॅमेरा बदलतो, आणि आठ दिवसांनी परत तेच. मग पार्किंगमधून एखादी दुचाकी जाते आणि त्या रात्रीचे रेकॉर्डिंगच नाही हे तेव्हा कळते.

या तक्रारीत कॅमेरा स्वतः बिघडलेला असणे विरळा. बहुतेक ठिकाणी रात्री लागणारी जास्तीची वीज त्याच्यापर्यंत पोहोचत नसते. साधा ४ मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा दिवसा साधारण ३ ते ४ वॅट घेतो. अंधार पडल्यावर त्याचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी पेटतात आणि मागणी ६ ते ८ वॅटवर जाते. ही वीज कमी पडली की कॅमेरा रीस्टार्ट होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा एलईडी पेटवतो, पुन्हा पडतो. सकाळी एलईडी विझले की त्याला हवी तेवढी वीज मिळते. म्हणून नवा कॅमेरा घेण्याआधी खालची तपासणी करा. मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल (केबलला प्लग बसवायचे), एनव्हीआरचा म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचा पासवर्ड आणि एक संध्याकाळ एवढेच लागते.

आधी वेळ बघा

एनव्हीआरचे घड्याळ बरोबर आहे का, ते पहिल्यांदा पाहा. ते वीस मिनिटे पुढे-मागे असेल तर लॉगवरून, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदींवरून, काढलेला कोणताही निष्कर्ष चुकेल. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणे) चालू करा, टाइम झोन +५:३० ठेवा. मग लॉगमध्ये ‘व्हिडिओ लॉस’ आणि ‘नेटवर्क डिस्कनेक्ट’ अशा नोंदी शोधा आणि शक्य तितक्या जुन्या तारखांपासून वेळा कागदावर उतरवा.

पुण्यात सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो आणि जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. कॅमेरा जाण्याची वेळ ऋतूबरोबर अशीच सरकत असेल, किंवा जुलैतल्या एखाद्या काळ्याकुट्ट पावसाळी दुपारीही तो गेला असेल, तर आयआरचा भार हेच कारण समजून पुढे चला.

वेळ सूर्याबरोबर सरकत नसेल तर वेगळीकडे बघायचे. लक्ष्मी रोडसारख्या बाजारपेठेत कितीतरी दुकानदार रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद करतात आणि पीओई स्विचचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पेटीचा, अडॅप्टर त्याच लाइनवर असतो. मग कॅमेरे रोज दुकान बंद होण्याच्या वेळेला जातात. एनव्हीआर, पीओई स्विच आणि राउटर यांना मेनच्या आधीच्या बाजूने स्वतंत्र एमसीबी द्या आणि त्यावर ‘बंद करू नये’ असे चिकटवा. सोसायटीत हाच घोळ जिन्याच्या किंवा पार्किंगच्या टायमरवरच्या लाइनवरून वीज घेतल्याने होतो.

घरात आणखी एक कारण असते. संध्याकाळी सात-साडेसातला घरची माणसे परततात, त्यांचे मोबाइल वायफायला जोडले जातात आणि राउटर त्यांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळखक्रमांक) वाटतो. कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्यातच असेल तर एखाद्या मोबाइलला तोच पत्ता मिळतो आणि दोघांची टक्कर होते. रविवारी वेगळी वेळ आणि कामाच्या दिवशी वेगळी, अशी नोंद दिसली की हेच बघा. राउटरमध्ये डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याचा, टप्पा १९२.१६८.१.१०० ते १९९ असा करा आणि कॅमेऱ्यांना ११ ते ६० मधले पत्ते द्या. दोन कॅमेरे नवे लावले आणि दोघांचा कारखान्यातून आलेला पत्ता बदललाच नाही, तरी असेच होते. फक्त ते दिवस-रात्र बघत नाही.

रात्री कॅमेऱ्याखाली उभे राहा

या पाहणीला पैसे लागत नाहीत आणि ती सहसा कोणी करत नाही. कॅमेरा गेलेला असताना त्याच्या खाली जाऊन काचेकडे बघा. नेहमीच्या ८५० नॅनोमीटरच्या एलईडींचा मंद लालसर उजेड डोळ्यांना दिसतो. ९४० नॅनोमीटरचे एलईडी डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा मोबाइलचा पुढचा कॅमेरा धरून पाहा, बहुतेक मोबाइलमध्ये जांभळट उजेड दिसतो.

उजेड स्थिर आहे पण एनव्हीआरवर चित्र नाही: वीज पोहोचते आहे, डेटाचा मार्ग तुटलाय. केबल, जोड किंवा आयपी तपासा. उजेड दर मिनिट-दोन मिनिटांनी जातो आणि ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन परत येतो: कॅमेरा रीस्टार्ट होतोय, वीज कमी पडते आहे. तो आवाज आत सरकणाऱ्या आयआर फिल्टरचा असतो. उजेडच नाही आणि स्विचच्या त्या पोर्टचा दिवाही विझलेला आहे: स्विचनेच त्या पोर्टची वीज कापली आहे.

दिवसा रात्र करून बघणे

टेक्निशियन दिवसाच येणार असेल तर त्याच्यासमोर रात्र उभी करता येते. कॅमेऱ्याच्या वेब पेजवर ‘डे/नाइट’ सेटिंग ‘ऑटो’वरून ‘नाइट’वर न्या. ‘स्मार्ट आयआर’ बंद करा आणि आयआरची तीव्रता १०० करा. लेन्सवर नुसता हात किंवा टेप ठेवून ही चाचणी नीट होत नाही, कारण स्मार्ट आयआर जवळची वस्तू पाहून एलईडी मंद करतो आणि भार कमी भरतो.

१. एकच तक्रारीचा कॅमेरा ‘नाइट’वर न्या आणि १५ मिनिटे ठेवा. तो पडला तर दोष त्याच्या केबलमध्ये, जोडात किंवा क्वचित त्या कॅमेऱ्यात आहे.

२. तो टिकला तर त्याच स्विचवरचे बाकीचे कॅमेरे एकेक करून ‘नाइट’वर न्या, प्रत्येकामध्ये दोन मिनिटे थांबा. सहावा किंवा सातवा कॅमेरा नेताच कोणता तरी पडला तर स्विचची वीज कमी पडते आहे.

३. सगळे टिकले तर अर्धा तास तसेच ठेवा आणि स्विचच्या अडॅप्टरला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल इतका तो तापला असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

स्विचचे बजेट

पीओई स्विचवर आठ पोर्ट असतात म्हणून त्यावर आठ कॅमेरे चालतीलच असे नाही. प्रत्येक स्विचला एकूण विजेची मर्यादा असते आणि ती त्याच्या मागच्या लेबलवर वॅटमध्ये लिहिलेली असते. ८०२.३ एएफ या मानकात स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅटची हमी असते. ८०२.३ एटीमध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. हे झाले एका पोर्टचे. स्वस्त आठ-पोर्टी स्विचचे एकूण बजेट मात्र अनेकदा ६० वॅटच्या आसपासच असते.

आता हिशेब करा. आठ बुलेट कॅमेरे, रात्री प्रत्येकी ८ वॅट, म्हणजे ६४ वॅट. दिवसा तेच आठ जण ३२ वॅटच्या आत असतात. त्यामुळे दिवसभर काही कळत नाही, आणि सूर्य मावळला की स्विच मर्यादेबाहेर जाऊन एखादा पोर्ट बंद करतो. बहुतेक स्विचमध्ये सगळ्या पोर्टचा अग्रक्रम सारखा असेल तर मोठ्या क्रमांकाचे पोर्ट आधी जातात. नेहमी ७ आणि ८ नंबरचेच कॅमेरे जात असतील तर ही खूण लक्षात ठेवा. त्या पोर्टची केबल १ नंबरला लावून पाहा. जुना कॅमेरा टिकला आणि आता दुसराच पडला, तर कॅमेरे बदलण्याचा विचार सोडून द्या.

बजेट रात्रीच्या भारावर काढायचे आणि वर किमान २५ टक्के मोकळे ठेवायचे. ६४ वॅटला ८५ वॅट लागतात, म्हणून ९६ किंवा १२० वॅटचा स्विच घ्या. तळघरातल्या पार्किंगचे कॅमेरे दिवसाही आयआरवरच चालतात, हे हिशेबात धरायला विसरू नका. पांढऱ्या दिव्याचे रंगीत नाइट व्हिजन कॅमेरे आणि पीटीझेड (फिरणारे, झूम करणारे) कॅमेरे यांचा आकडा डेटाशीटमधूनच घ्या, अंदाजाने धरू नका. नवा स्विच लगेच घेता येत नसेल तर गेट आणि पार्किंगचे कॅमेरे छोट्या क्रमांकाच्या पोर्टवर आणा, आणि जिथे ट्यूबलाइट रात्रभर जळते तिथल्या कॅमेऱ्याची आयआर तीव्रता ४० वर करा. तेवढ्यानेही बरेच वॅट सुटतात.

लेबलवर आकडा पुरेसा आहे आणि तरी पडतो, असे असेल तर अडॅप्टर मोजा. स्विचचा अडॅप्टर साधारण ४८ ते ५४ व्होल्टचा असतो. सगळे कॅमेरे ‘नाइट’वर असताना मोजलेले व्होल्टेज ४४ च्या खाली जात असेल तर अडॅप्टर थकला आहे. त्यातले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या घरात असताना टेरेसवर उन्हात टांगलेल्या बंद लोखंडी पेटीत तो किती तापत असेल, याचा विचार करा. पेटी लिफ्ट रूमच्या किंवा जिन्याच्या सावलीत आणा, तिला खालून-वरून जाळीची भोके ठेवा आणि अडॅप्टर स्विचवर न ठेवता बाजूला बांधा.

बारा व्होल्टची पीओई

सर्वांत जास्त त्रास देणारी जोडणी हीच आहे. पुष्कळ ठिकाणी खरी पीओई नसतेच. साध्या स्विचशेजारी १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवतात आणि दोन छोट्या जोडण्यांनी केबलच्या निळ्या व तपकिरी जोडीतून ती वीज वर पाठवतात. सामान शंभर-दोनशे रुपयांत येते, म्हणून ते लोकप्रिय आहे.

यात गणितच आडवे येते. ६० मीटर केबल घ्या, तार सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. एक जोडी जाण्याला, एक येण्याला, असा मार्गाचा एकूण रोध साधारण ९ ओहम होतो. दिवसा कॅमेरा ३ वॅट घेतो तेव्हा त्याच्यापाशी ९ व्होल्ट उरतात, तो कसाबसा चालतो. रात्री त्याला ७ वॅट हवेत. पण १२ व्होल्टवरून ९ ओहममधून जास्तीत जास्त ४ वॅटच जाऊ शकतात, व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. कॅमेरा कितीही चांगल्या कंपनीचा आणा, ७ वॅट तिथे पोहोचणारच नाहीत. अडॅप्टर ५ अँपिअरचा केला तरी उपयोग नाही, कारण अडचण तारेत आहे. निखळ तांब्याची कॅट ५ई (साधी नेटवर्क केबल) टाकली तरी ही मर्यादा साडेसहा ते सात वॅटच्या आसपासच राहते.

हेच ७ वॅट ४८ व्होल्टवर पाठवले तर त्याच ९ ओहममध्ये जेमतेम दीड व्होल्ट खर्ची पडतो. म्हणून उपाय साधा आहे: खरा ४८ व्होल्टचा पीओई स्विच घ्या. कॅमेरा पीओईचा नसेल तर त्याच्या टोकाला ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा ॲक्टिव्ह स्प्लिटर लावा. वर दिलेल्या पॅसिव्ह जोडण्यांसारखाच तो दिसतो, म्हणून घेताना ‘४८ इन, १२ आउट’ छापलेले पाहूनच घ्या. कॅमेऱ्याजवळच्या फ्लॅटमधून १२ व्होल्ट देण्याचा सल्ला मिळेल. तो टाळा. त्या फ्लॅटचे भाडेकरू गेले की कॅमेरा गेला.

केबल

केबल खरी आहे का, हे भिंतीत घालण्याआधी कळायला हवे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, एकाच दुकानात दोन्ही प्रकार मिळतात आणि खोक्यांवरचे शब्द सारखेच असतात. तारेचे टोक ब्लेडने खरवडा: आत चंदेरी दिसले तर सीसीए. खोके उचलूनही फरक कळतो. ३०५ मीटरच्या २३ गेज कॅट ६ मध्ये नुसते तांबे साडेपाच किलोच्या वर असते, सीसीएमध्ये त्याच जाडीचा धातू सव्वादोन किलोच्या आसपास.

आधीच टाकलेल्या केबलसाठी दोन्ही टोके मोकळी करा. चालू पीओईवर ओहम मोजू नका. एका टोकाला नारिंगी जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. ६० मीटर कॅट ५ईला निखळ तांब्यात १० ते ११ ओहम यायला हवेत. सीसीएत १६ ते १८ येतात. चारही जोड्या मोजा: एक जोडी इतरांपेक्षा बरीच जास्त दाखवत असेल तर त्या जोडीचे क्रिंपिंग किंवा मधला एखादा पिळून मारलेला जोड खराब आहे. खऱ्या ४८ व्होल्टवर बुलेट कॅमेरा सीसीएवरही बहुधा चालून जातो, हे खरे. पण ॲल्युमिनियम ठिसूळ असते, आरजे-४५ म्हणजे नेटवर्क प्लगच्या पिनाखाली सैल होते आणि दमट हवेत गंजते. दोन पावसाळे झाले की तक्रार सुरू होते.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्हीकडे सारखा आहे ना, मग झाले’ म्हणून मनाने लावलेला क्रम टेस्टरवर आठही दिवे लावतो. पण एकत्र पिळलेल्या तारांच्या जोड्या फुटतात आणि लांब केबलवर चित्र तुटत राहते. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा पाळा. काही स्विचवर ‘एक्स्टेंड’ नावाचे बटण असते. ते २५० मीटरपर्यंत नेते, पण वेग १० एमबीपीएसवर आणते. लांबच्या गेटसाठी ते उपयोगी आहे, इतरत्र चुकून चालू राहिले असेल तर बंद करा.

पाणी

जूनपासून सप्टेंबरपर्यंत याच तक्रारीला दुसरे कारण मिळते. कॅमेऱ्याला आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षण) असते, त्याच्या शेपटीच्या, म्हणजे त्यातून निघणाऱ्या छोट्या वायरच्या, आरजे-४५ जोडाला नसते. त्यासाठी खोक्यात एक प्लास्टिकचा नट, रबरी वॉशर आणि टोपण येते. ते केबलमध्ये क्रिंप करण्याच्या आधी ओवावे लागते. घाईत प्लग आधी मारला की ते खोक्यातच राहते आणि जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळली जाते. टेपच्या आत पाणी शिरते आणि तिथून निघत नाही. पिनांवर सतत ४८ व्होल्ट डीसी असल्याने गंज भराभर चढतो, हिरवी भुकटी दिसते. दिवसाच्या कमी प्रवाहात असा जोड तगतो, रात्री प्रवाह वाढला की सुटतो.

हिरवा झालेला प्लग घासून परत लावू नका, कापून नवा मारा. कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या पिनाही हिरव्या असतील तर नुसता प्लग बदलून चार दिवसच चालेल. तेव्हा शेपटी बदलून घ्या. जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवा, बॉक्सचे भोक खाली ठेवा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे ओघळ तिथेच गळेल. भोक बुजवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि तांबे खाते.

टेरेसवरून जाणारी केबल काळ्या पीई आवरणाची, बाहेरच्या वापराची घ्या. घरातली राखाडी पीव्हीसी केबल उन्हाने तडकते आणि पाणी तिच्या आतून वाहत थेट स्विचपर्यंत येते. एका विंगमधून दुसऱ्या विंगला मात्र तांबे नेऊच नका. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकाने दोन्ही टोकांचे स्विच जळतात. तिथे फायबर टाका, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा.

वीज पुरेशी आहे, तरीही चित्र अडखळते

कॅमेरा रीस्टार्ट होत नाही, पण रात्री चित्र थांबत-थांबत येते किंवा ‘बँडविड्थ अपुरी’ असा संदेश येतो. अंधारात चित्रात दाणे वाढतात, प्रत्येक फ्रेम वेगळी दिसते आणि बदलत्या बिटरेटवर ठेवलेला कॅमेरा दिवसापेक्षा खूप जास्त डेटा पाठवतो. एनव्हीआरची एकूण आत घेण्याची मर्यादा डेटाशीटवर असते. बिटरेटला कमाल मर्यादा घाला: ४ मेगापिक्सेलला एच.२६५ कॉम्प्रेशनवर ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. शटर १/२५ ठेवा आणि गेन (चित्र उजळ करण्याचे सेटिंग) ५०-६० च्या वर जाऊ देऊ नका. याचा फायदा डिस्कलाही होतो. १ एमबीपीएस सतत चालले तर दिवसाला १०.८ जीबी भरतात, म्हणजे ४ एमबीपीएसच्या आठ कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ३४६ जीबी. ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. ‘महिन्याभराचे रेकॉर्डिंग आहे’ असे सोसायटीच्या सभेत सांगण्याआधी हा गुणाकार करा.

पावसाळ्यात आयआरच्या उजेडाकडे किडे येतात आणि त्यांच्यामागे कोळी जाळी विणतात. मोशन रेकॉर्डिंग असेल तर रात्रभर जाळेच रेकॉर्ड होते. महिन्यातून एकदा लांब काठीच्या ब्रशने काच आणि सनशेड साफ करा.

दुरुस्ती झाल्यावर सगळे कॅमेरे पुन्हा एकदा ‘नाइट’वर नेऊन अर्धा तास ठेवा, लॉग बघा, मग ‘ऑटो’वर आणि ‘स्मार्ट आयआर’ चालू करा. हे विसरले तर दुसऱ्या दिवशी सगळे चित्र काळे-पांढरे येईल. नंतर इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते पाहा आणि मेन बंद करून तपासा. पुण्यात महावितरण देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवते, तेव्हा ही चाचणी आपोआप होते. पण त्याची वाट बघू नका. शेवटी प्रत्येक पोर्टच्या केबलला दोन्ही टोकांना नंबर चिकटवा आणि पोर्ट, कॅमेऱ्याची जागा, आयपी पत्ता, रात्रीचे वॅट अशी यादी पेटीच्या दारावर आतून लावा. पुढच्या टेक्निशियनला सात नंबर म्हणजे मागचे गेट, हे शिडीवर चढून शोधावे लागणार नाही.